बडोद्याचा मोत्यांचा गालिचा: मराठा राजाचा ठेवा कतारला कसा पोहोचला?

जुना गालिचा विकायला आला की जाणकार दोन गोष्टी आधी विचारतात. त्याची अवस्था कशी आहे? आणि तो आजवर कोणाकोणाकडे होता? इराणी रेशमी गालिच्यांची किंमतही याच दोन प्रश्नांवर ठरते.

जून २००८ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या संस्थेच्या लिलावात इस्फहानचा एक रेशमी गालिचा जवळपास ४४.५ लाख डॉलरला गेला. तो सन १६०० च्या सुमारास विणलेला होता आणि अमेरिकेतल्या धनाढ्य डोरिस ड्यूक यांच्या संग्रहातून आला होता. तेव्हा हा विक्रम होता. पण वर्षभराच्या आतच तो मोडला, आणि मोडणारा गालिचा इराणचा नव्हता. तो होता बडोद्याच्या गायकवाडांचा.

कोणी बनवून घेतला?

बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड (राज्यकाळ १८५६ ते १८७०) यांनी साधारण १८६५ च्या सुमारास हा गालिचा करवून घेतला. मदिनेत प्रेषित मोहम्मदांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी तो बनवला होता, असं सांगितलं जातं. पण १८७० मध्ये खंडेरावांचं निधन झालं आणि गालिचा बडोद्यातच राहिला.

तो इराणी गालिच्यापेक्षा वेगळा कसा?

इराणी गालिचा मागावर विणतात. उभ्या ताण्याच्या धाग्यांवर एकेक गाठ मारत नक्षी तयार होते. बडोद्याचा गालिचा मात्र विणलेला नाही, तो भरतकामाचा आहे. रेशीम आणि हरणाच्या मऊ कातड्याच्या अस्तरावर मोती आणि रंगीत काचमणी शिवून त्याचा सगळा पृष्ठभाग भरला आहे. वेलीफुलांची नक्षी मात्र मुघल आणि इराणच्या सफवी परंपरेशी नातं सांगते.

तो साधारण पावणेनऊ फूट लांब आणि पावणेसहा फूट रुंद आहे. त्यावर अंदाजे १५ ते २० लाख बारीक मोती आहेत, शिवाय हिरे, माणकं, पाचू आणि नीलम. हे मोती 'बसरा मोती' म्हणून ओळखले जातात. बसरा हे व्यापाराचं बंदर, मोती मात्र निघायचे इराणच्या आखातातून, म्हणजे बहरीन आणि कतारच्या किनाऱ्यावरून.

मालकी कशी बदलत गेली?

खंडेरावांनंतर त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. १८७५ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं. मग खंडेरावांच्या पत्नी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या गोपाळरावाला दत्तक घेतलं. तेच पुढचे सयाजीराव महाराज (तिसरे). त्यांच्या काळात, १९०२-०३ च्या दिल्ली प्रदर्शनात, हा गालिचा लोकांसमोर आला.

सयाजीरावांनंतर १९३९ मध्ये त्यांचे नातू प्रतापसिंहराव महाराज झाले. १९४३ मध्ये त्यांनी सीतादेवींशी दुसरं लग्न केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सीतादेवी युरोपात मोनॅकोला स्थायिक झाल्या आणि बडोद्याच्या अनेक मौल्यवान वस्तूंबरोबर हा गालिचाही तिकडे गेला. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५१ मध्ये भारत सरकारनं प्रतापसिंहरावांची महाराज म्हणून असलेली मान्यता काढून घेतली.

१९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या भारतीय कलेच्या मोठ्या प्रदर्शनात गालिचा पुन्हा दिसला. १९ मार्च २००९ ला दोह्यात सदबीज या संस्थेनं त्याचा लिलाव केला. किंमत आली ५४,५८,५०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानं साधारण २७ कोटी रुपये. आज तो दोह्याच्या कतार राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या आखातातून मोती आले, तिथेच ते परतले.

इतका टिकला कसा?

रेशमाचा मोठा शत्रू उजेड. उन्हानं रंग उडतो आणि धागा ठिसूळ होतो. घडी घालून ठेवलं की घडीवर चिरा पडतात. मोत्यांना घाम आणि आम्ल सोसत नाही. हा गालिचा पायाखाली आलाच नाही, खजिन्यातच राहिला, म्हणून दीडशे वर्षांनंतरही तो चांगल्या अवस्थेत आहे.

मालकीचा इतिहास का महत्त्वाचा?

२००९ मध्ये जर्मनीतल्या एका छोट्या लिलावात एक जुना गालिचा १९,७०० युरोला विकला गेला. विकणाऱ्यांना त्याचं मोल कळलंच नव्हतं. तो १७ व्या शतकातला इराणच्या केरमानचा होता आणि एकेकाळी पॅरिसच्या एका नामवंत संग्राहक सरदारणीकडे होता. हा इतिहास उघड झाल्यावर २०१० मध्ये लंडनला तोच गालिचा ६२ लाख पौंडांना गेला. आधीच्या मालकिणीनं कोर्टात दाद मागितली, पण निकाल तिच्या विरोधात लागला.

मालकीच्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. बडोद्याच्या गालिच्याच्या बाबतीत प्रश्न किमतीचा नाही, हक्काचा आहे. राजाची खासगी मालमत्ता कुठे संपते आणि संस्थानचा खजिना कुठे सुरू होतो? विलीनीकरणाच्या धामधुमीत ही रेघ पुसट होती आणि त्याच काळात बडोद्याचं बरंच काही देशाबाहेर गेलं. आज तसं करता येत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

घरात जुना रेशमी गालिचा असेल तर?

त्याची घडी घालू नका, गुंडाळून ठेवा. थेट उन्हात टाकू नका आणि घरी धुऊ नका. उलटा करून पाहा: हाताच्या गाठींचा असेल तर नक्षी मागच्या बाजूलाही स्पष्ट दिसते आणि टोकाची झालर ताण्याच्याच धाग्यांची असते, वरून शिवलेली नसते. आणि जुनी बिलं, पत्रं, तो अंथरलेला दिसतो असे घरातले फोटो सांभाळून ठेवा. गालिचा कोणाचा होता हे उद्या त्यावरूनच सांगता येईल.