पुन्हा पाहिलेले ‘प्रभात’

एकदा वाचलेली पोथी पुन्हा उघडणाऱ्यास लोक भाविक म्हणतात, एकदा वाचलेले पुस्तक पुन्हा हाती घेणाऱ्यास विद्वान म्हणतात. परंतु एकदा पाहिलेला बोलपट पुन्हा पाहावयास निघालेल्या मनुष्यास मात्र ‘पैसे जड झाले काय?’ हा प्रश्न घरातूनच ऐकावा लागे. बोलपट ही एका रात्रीची करमणूक, कथा कळली की संपली, अशीच पुष्कळांची समजूत होती. आज तिकिटाचा प्रश्न उरलेला नाही. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि त्यावरील मराठी चित्रपटांनी घराघरांत जुने चित्र पुन्हा आणले. त्यानंतर फिती आल्या, तबकड्या आल्या, आणि आता तर हातातल्या दूरध्वनीवरही ‘प्रभात’ची तुतारी वाजविणारी ती स्त्री उभी राहते. पाहणे सोपे झाले. तथापि पुन्हा पाहणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न सोपा झाला असे म्हणवत नाही.

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे भागीदार. यांपैकी पहिले चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले, पाचवे पेढीवाले. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली आणि पुढील आठ-दहा वर्षांत तिने जे काम केले, त्यावर मराठी चित्रसृष्टीची अर्धी पुण्याई अजून उभी आहे. त्यातील तीन चित्रे पुन्हा पाहिली असता पहिल्या दर्शनाचा ग्रह किती पालटतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

‘संत तुकाराम’ डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात लागला आणि तेथे सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा विशेष गौरव झाला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, लेखक शिवराम वाशीकर, संगीत केशवराव भोळे यांचे. तुकारामाची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून नावारूपास आलेले नट. बालगंधर्वांसही त्याच्या आदल्या वर्षी, १९३५ साली, प्रभातने ‘धर्मात्मा’मध्ये एकनाथ केले होते. दोघेही स्त्रीवेषाचे नट, दोघांच्याही वाट्यास संत आला. परंतु ‘धर्मात्मा’ पुन्हा पाहताना मन खिन्न होते. पडद्यावरील पुरुषवेषातल्या बालगंधर्वांत रंगभूमीवरचे बालगंधर्व शोधत बसावे लागते, आणि ते सापडत नाहीत. पागनीसांचे तसे झाले नाही. त्यांच्या ठायी असलेला मार्दवाचा अंश तुकारामाच्या अंगी असा मुरला की पुढे कित्येक घरांतील तुकोबांच्या तसबिरीस त्यांचाच चेहरा लाभला.

हे सारे पहिल्या वेळीच दिसते. लहानपणी हे चित्र पाहणाऱ्याच्या मनात आणखीही काही गोष्टी ठसतात: इंद्रायणीतून वर आलेल्या गाथा, लुटल्या गेलेल्या शेताच्या जागी पडलेली धान्याची रास, शिवाजी महाराजांना वाचविण्यासाठी एकाचे अनेक झालेले शिवाजी आणि शेवटी आकाशातून उतरलेले गरुडाचे विमान. मोठेपणी, विशेषतः चार इंग्रजी पुस्तके वाचल्यावर, याच गोष्टींची लाज वाटू लागते. ‘चमत्कार वगळले असते तर चित्र अधिक उंचीचे झाले असते,’ असे म्हणणारे रसिक प्रत्येक गावात भेटतात. इतिहासाच्या दृष्टीने त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. वाशीकरांनी घेतलेला तुकाराम हा मुख्यतः परंपरेचा तुकाराम आहे. अठराव्या शतकात महीपतीने लिहिलेल्या चरित्रातून आणि कीर्तनांतून जो लोकांपर्यंत पोहोचला, तो. दस्तऐवजांतून शोधलेला तुकाराम त्यात मिळणार नाही. सालोमालो हे पात्र तर इतके ढोबळ रंगविले आहे की त्याच्या प्रत्येक प्रवेशास नाटकमंडळीचा वास येतो. ही उणीव पुन्हा पाहिल्याने कमी होत नाही, उलट वाढते.

परंतु तिसऱ्या-चौथ्या वेळी एक वेगळीच गोष्ट घडते. नजर तुकारामावरून हळूहळू ढळते आणि त्याच्या बायकोवर जाऊन स्थिरावते. आवली म्हणा, जिजाई म्हणा. ही भूमिका करणारी गौरी हिने प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामापासून सुरुवात केली होती आणि किरकोळ भूमिका करीत ती येथवर आली होती. तिच्या अभिनयात शिकवलेले असे काही आढळत नाही. ती पदर खोचते, म्हशीचे करते, पोरांना ओरडते, देवाला शिव्या घालते, आणि हे सर्व करताना तिचा एक डोळा चुलीवर असतो. नवऱ्याच्या भजनाने पोट भरत नाही, हे सबंध चित्रात तिच्याइतके स्पष्ट कोणीच सांगत नाही. पोरगा आजारी पडतो, औषधास पैसा नाही, तेव्हा ती एका हाताने पोरास ओढीत आणि दुसऱ्या हातात पायातली वहाण घेऊन थेट देवळात शिरते, पांडुरंगास जाब विचारावयास! १९३६ साली, भाविकांनी भरलेल्या चित्रगृहात, हा प्रसंग दाखविण्यास केवढी छाती लागली असेल. आणि भाविकांनी तो निमूट पाहिला, नव्हे, हसत आणि डोळे पुसत पाहिला. कारण आवलीचा देवाशी असलेला तंटा हा परक्याचा तंटा नव्हे, घरातला तंटा आहे, हे त्यांना पंडितांपेक्षा आधी उमगले.

येथे चमत्कारांचा अर्थही पालटतो. दामले ध्वनिमुद्रणाचे जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे. त्या दोघांनी देहूचे घर, वाट, देऊळ, जाते इतक्या साधेपणाने उभे केले आहे की चमत्कार त्या घरात पाहुण्यासारखा येतो आणि जातो. तो गेल्यावर भांडी घासावयाची राहिलेलीच असतात. शिवाजी महाराजांकडून आलेला नजराणा पाहून आवली आणि पोरे दागिने-वस्त्रे अंगावर चढवितात. तो आनंद किती खरा आहे! तुकाराम ते परत करावयास लावतो. पहिल्या वेळी प्रेक्षक तुकारामाच्या वैराग्यास मान डोलावतो. पुढल्या वेळी त्या पोरांच्या अंगावरून उतरणाऱ्या कपड्यांकडे त्याचे लक्ष जाते आणि वैराग्याची किंमत घरात कोणी मोजली, हे त्यास कळते. दिग्दर्शकांनी यावर एक शब्दही भाष्य केलेले नाही. शेवटी विमान येते, तुकाराम बायकोस वैकुंठास चल म्हणतो, आणि ती पोरांना आणि संसाराला सोडून जात नाही. चमत्कार वगळा म्हणणाऱ्यांनी हा नकार मग कशाच्या समोर उभा करावयाचा, हे सांगावे. वैकुंठ खरेखुरे दारात आल्याखेरीज आवलीने ते नाकारण्यास काही वजन येत नाही.

भोळे यांच्या संगीताविषयीही थोडे बोलले पाहिजे. शांताराम आठवले यांनी या चित्रासाठी लिहिलेली एक रचना इतकी बेमालूम उतरली की ती तुकोबांचीच समजून जाणकारदेखील फसले. कवीस यापरती पावती कोणती हवी? आणि यापरते दुःखही कोणते, कारण तिच्याखालचे त्याचे नाव लोक विसरले.

शांतारामांचे ‘कुंकू’ १९३७ सालचे. हिंदीत ते ‘दुनिया न माने’ म्हणून गेले. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर ते आधारलेले आहे. तरुण नीराचे लग्न फसवणुकीने वयोवृद्ध वकील काकासाहेबांशी लागते आणि ती त्यास नवरा मानण्यास नकार देते. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब. या चित्रास पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते घड्याळाचे, भांड्यांचे, ग्रामोफोनचे, रस्त्यावरचे. ही गोष्ट पहिल्या दर्शनात बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही, आणि एकदा ध्यानात आली की मग त्या घरातली शांतता कानांस बोचू लागते. भिंतीवरचे जुने घड्याळ आणि म्हातारा यांची सांगड मात्र दिग्दर्शकाने इतक्या वेळा घातली आहे की दुसऱ्या खेपेस ती नकोशी होते. शांतारामांना प्रतीकाचा मोह आवरत नसे. पुढे तर तो फारच वाढला.

‘कुंकू’चा खरा वाद शेवटाचा आहे. काकासाहेबांस पश्चात्ताप होतो, ते नीराचे कुंकू पुसतात, आणि तिला मोकळी करण्यासाठी स्वतः मृत्यू पत्करतात. आजचा प्रेक्षक यावर नाराज होतो. बंड नीराने करावयाचे आणि सुटका मात्र म्हाताऱ्याने करून द्यावयाची, हा कसला न्याय, असे तो म्हणतो. आक्षेप रास्त वाटतो, परंतु चित्र पुन्हा पाहण्यापूर्वी कायद्याचे पुस्तक उघडले तर त्याची धार बोथट होते. विधवेच्या पुनर्विवाहास १८५६ च्या कायद्याने मान्यता मिळाली होती. परंतु नीरासारख्या ब्रिटिश मुलखातील उच्चवर्णीय हिंदू स्त्रीस १९३७ साली घटस्फोटाचा मार्गच नव्हता. मुंबई प्रांतात तो १९४७ साली झाला, सबंध देशात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. म्हणजे नवरा जिवंत असेतो नीरास दुसरे आयुष्य नाही आणि तो मेल्यावर आहे, अशी ती विपरीत स्थिती होती. काकासाहेबांचा मृत्यू हा कथाकाराने काढलेला सोपा मार्ग दिसतो खरा, पण कायद्याने उघडे ठेवलेले दार तेवढे एकच होते. बडोद्याची गोष्ट निराळी. तेथे सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता. नीरा बडोद्यास राहत असती तर शेवटचे रीळ वेगळे लिहावे लागले असते.

‘माणूस’ (१९३९) हे तिन्हींत कमी जुने झालेले चित्र. गणपत हवालदार आणि मैना ही वेश्या यांची ही कथा. न्यू थिएटर्सचा ‘देवदास’ १९३५ साली येऊन गेला होता आणि प्रेमभंगाने झुरून मरणाऱ्या नायकाचे देशभर कौतुक चालले होते. शांतारामांनी त्यास दिलेले हे उत्तर होय. मैना आपल्या छळवादी मामाचा खून करते आणि गणपतने देऊ केलेली सुटका नाकारून तुरुंगात राहते. गणपत कोसळतो, आणि तरीही जगावयास परत येतो. शांता हुबळीकर यांची मैना पहिल्या वेळी हसविते, दुसऱ्या वेळी चटका लावते. कर्नाटकातून आलेल्या या नटीने मराठी पडद्यावर जी अस्सल बोली उभी केली, ती ऐकून सीमाभागातील मराठी माणसास तर विशेष नवल वाटू नये; तेथे एका ओसरीवर दोन भाषा नांदतच आल्या आहेत.

गणपत झालेले शाहू मोडक हे अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. याच मोडकांनी १९४० साली प्रभातच्याच ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वरांची भूमिका केली आणि पडद्यावर श्रीकृष्ण तर कितीदा तरी केला. तुकारामाचे चित्र एका मुसलमान चित्रकाराने आणि एका ब्राह्मणाने मिळून काढावे, ज्ञानेश्वर एका ख्रिस्ती तरुणाने व्हावे, १९४१ च्या ‘शेजारी’त मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांनी करावी, आणि प्रेक्षकांपैकी कोणासही यात काही वावगे वाटू नये! ‘शेजारी’ची हिंदी आवृत्ती ‘पडोसी’. तीत हिंदू ठाकूर झाले मझहर खान. ही नावे श्रेयनामावलीत तेव्हाही होती. पहिल्या वेळी ती कोणी वाचीत नाही, कारण कथा सुरू होण्याची घाई असते.

शांताराम १९४२ साली प्रभातमधून बाहेर पडले, दामले १९४५ साली वारले, आणि १९५३ साली कंपनी बंद झाली. तिच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जुनी रिळे गोळा करण्यास आरंभ केला. तोवर पुष्कळ हानी होऊन चुकली होती. जुनी फीत नायट्रेटची. ती एकदा पेटली की पाण्याखालीदेखील जळत राहते. शिवाय तिच्यात चांदी असते, आणि निरुपयोगी ठरलेली रिळे चांदी काढण्यासाठी विकली जात. १९३१ सालचा ‘आलम आरा’, हिंदुस्थानचा पहिला बोलपट, आज कोणासही पुन्हा पाहता येत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही. फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा केवळ काही भाग शिल्लक आहे.

८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली. तीत प्रभातच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या. त्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फितीवर उतरवून घेतलेल्या होत्या म्हणून चित्रे वाचली. तथापि प्रतीवरून काढलेल्या प्रतीत मूळ चित्रातील छायाप्रकाशाचे सारे बारकावे उतरत नाहीत. आज दूरध्वनीच्या काचेवर दिसणारा देहूचा अंगण काहीसा करडा आणि धूसर दिसतो, आवाजात खरखर असते, आणि नवा प्रेक्षक त्यासच जुन्या चित्राचे रूप समजतो. ज्यांनी १९३६ साली तो मोठ्या पडद्यावर पाहिला, त्यांनी काही निराळेच पाहिले होते.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ ‘प्रभात’ नावाचे चित्रगृह होते. जागा इंदूरच्या किबे घराण्याची, आणि १९३४ पासून प्रभातची चित्रे तेथे लागत. २०१४ च्या अखेरीस ते बंद झाले आणि वास्तू मूळ मालकांकडे परत गेली. पुढे ते चित्रगृह पुन्हा उघडले तेव्हा दर्शनी भागावर नाव होते ‘किबे लक्ष्मी’.