उंदरांनी लावलेला मेंढरांच्या रोगाचा छडा

पैनगंगेच्या अलीकडे आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात काय किंवा पलीकडे यवतमाळात काय, मेंढरे राखणारी माणसे जनावराची चाल पाहून त्याचे दुखणे ओळखतात. इंग्लंडातील मेंढपाळांनीही अठराव्या शतकात एक दुखणे असेच नजरेने हेरले होते. मेंढरू कुंपणाला अंग घासून लोकर झडवून घेई, पुढे लडखडू लागे आणि हमखास मरे. या खरवडण्यावरूनच रोगाला ‘स्क्रेपी’ हे नाव पडले. आपल्याकडेही, हिमालयाच्या पायथ्याच्या दुर्गम भागातील मेंढ्यांत तो आढळल्याचे झ्लोटनिक व कटियार यांनी १९६१ साली नोंदविले.

मी इतिहास शिकविणारा माणूस. तरीही या रोगाची कथा मला मोलाची वाटते. कारण ज्याचे तोंड कुणी पाहिले नव्हते अशा शत्रूची ओळख तिच्यात दिवस मोजून पटविली गेली.

१९३६ साली फ्रान्समध्ये क्युये आणि शेल यांनी रोगी मेंढराच्या मज्जेचा अंश निरोगी मेंढरांना टोचला. वर्षाहून अधिक काळाने तीही आजारी पडली. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये दुसऱ्याच रोगावरची एक लस मेंढरांच्या मेंदूपासून तयार केली होती. फॉर्मॅलिन घालूनही तिच्यातले स्क्रेपीचे बीज मेले नाही. सुमारे १८,००० मेंढरांना ती टोचली गेली आणि दोनेक वर्षांनी त्यांच्यात स्क्रेपी उमटली.

मेंढरांवर प्रयोग म्हणजे वर्षानुवर्षांची वाट. १९६१ साली चँडलर यांनी हा रोग उंदरांत उतरविला आणि वर्षांचे काम महिन्यांवर आले. पुढे एडिंबरोत डिकिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांना एक नवल दिसले. एका रोगबीजाने एका जातीचे उंदीर लवकर आणि दुसऱ्या जातीचे उशिरा आजारी पडत. दुसरे रोगबीज टोचले की क्रम उलटा होई. उंदीर तेच, तेव्हा फरक बीजातच असला पाहिजे! धान्याला असतात तसे या रोगालाही वाण होते. मेंदूत कोठे किती भोके पडतात, यावरूनही ते वाण निराळे ओळखता येत. १९८२ साली प्रुसिनर यांनी या बीजाला ‘प्रिऑन’ म्हटले. ते म्हणजे घडी बिघडलेले प्रथिन, असे त्यांचे प्रतिपादन होते.

वाचकहो, या खटाटोपाचे मोल नंतर कळले. १९८६ साली ब्रिटनमधील गाईंत असाच रोग सापडला. मेलेल्या जनावरांच्या हाडामांसाची भुकटी खाद्यात मिसळल्याने तो पसरला होता. १९९६ साली तरुण माणसांत मेंदूचा एक नवा रोग जाहीर झाला. तो गाईंचाच का? १९९७ साली मोइरा ब्रूस आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बीजे उंदरांना टोचून पाहिली. दिवस जुळले, मेंदूतल्या खुणा जुळल्या. वाण एकच होता. त्या रोगाने ब्रिटनमध्ये १७८ माणसे गेली आणि त्यावर आजही औषध नाही.

मेंढरांच्या खाजेपायी इतकी वर्षे उंदरांचे दिवस कशाला मोजायचे, असे १९८० साली कुणी विचारले असते तर उत्तर देणे अवघड गेले असते. मोजणी थांबली नव्हती, म्हणूनच प्रश्न उभा राहिला तेव्हा त्याचे उत्तर शोधण्याचे साधन हाताशी होते.