वकिलाची सनद

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत 'वकील' हा शब्द वारंवार आढळतो, आणि वाचणारा त्याचा अर्थ कोर्टांतला वकील असा सहज करून बसतो. पेशवाईंतला वकील म्हणजे एका दरबारानें दुसऱ्या दरबारीं ठेवलेला प्रतिनिधि. तो बातमीपत्रें धाडी, तहाचीं बोलणीं करी. फी घेऊन दुसऱ्याचा कज्जा चालविणें हा त्याचा व्यवसाय नव्हे. गोतसभेपुढें अगर पंचायतीपुढें पक्षकार सामान्यतः स्वतः उभा राही, राजीनामा व जामीन देई, आपला करीणा लिहून देई. अडचण असल्यास भाऊबंद अगर कारकून त्याच्या तर्फेनें बोले. मोगली अदालतींत मात्र पक्षकारांचे वकील असत, आणि कंपनी सरकारानें हा शब्द उचलला तो त्या अर्थानें.

परंतु सनदेवांचून अदालतींत वकिली करूं नये हा निर्बंध कंपनीचा. कॉर्नवालिसच्या १७९३ च्या बंगाल कायद्यांपैकीं सातव्यानें सनद देण्याचा अधिकार सदर दिवाणी अदालतीकडे दिला. सनद हिंदु व मुसलमान यांनाच मिळे, आणि कलकत्त्याचा मदरसा व काशीची संस्कृत पाठशाळा येथील विद्यार्थ्यांस अग्रमान असे. वकिलानें शपथ घ्यावी, दाव्याच्या रकमेच्या प्रमाणांत ठरलेली फी घ्यावी, अधिक घेतल्यास शासन भोगावें, असा हा बंदोबस्त होता. धर्माची अट बंगालच्या १८३३ च्या बाराव्या कायद्यानें सुटली. १८४६ च्या पहिल्या आक्टानें कंपनीच्या अदालतींतील वकिली कोणत्याहि देशाच्या व धर्माच्या लायक मनुष्यास खुली केली, आणि फीचा करार पक्षकार व वकील यांच्या खुषीवर सोडला.

येथें शुक्रनीतीचा विचार करणें प्राप्त आहे. नारद, कात्यायन इत्यादि स्मृतिकारांनीं पक्षकाराच्या प्रतिनिधीचा विचार केला आहे. प्रतिनिधीचा जय अगर पराजय तो पक्षकाराचाच, असें ते सांगतात. शुक्रनीति मात्र 'नियोगी' याच्या वेतनाचें कोष्टकच देते : दाव्याचा सोळावा हिस्सा, विसावा, त्याचें अर्ध, त्याचेंहि अर्ध, दाव्याची रक्कम जसजशी मोठी तसतसा दर कमी, आणि लोभानें अन्यथा वागणाऱ्या नियोग्यास दंड. हें वाचतांना धर्मशास्त्र वाचतों कीं कंपनीचा कायदा, असा प्रश्न पडावा ! लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतला ठरविला. वरील साम्य त्या मतास पोषक आहे असें आम्हांस वाटतें. निदान प्राचीन भारतांत फीदार वकीलवर्ग होता हें सिद्ध करण्यास हा एकच ग्रंथ पुढें करणें युक्त नव्हे.

आपल्या प्रांतीं पेशवाई बुडाल्यावर कांहीं वर्षें पंचायतींवर काम चाललें. नंतर एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या कायदेसंग्रहांतील दुसऱ्या कायद्यानें दिवाणी अदालती व त्यांतील वकील यांची व्यवस्था लावली. वकिलांच्या गैरवर्तनाचा इन्साफ याच कायद्याखालीं होई. त्याची जागा १९२० च्या मुंबई प्लीडर्स आक्टानें घेतली. मुंबई बेटांतला प्रकार निराळा. तेथील सुप्रीम कोर्टांत (१८२४) विलायती बॅरिस्टर बोलणार, ॲटर्नी कागद तयार करणार. मोफसलच्या अदालतींत नांव मिळविलेल्या वकिलास त्या दारांतून प्रवेश नव्हता. १८६२ सालीं हायकोर्ट होऊन सदर अदालत व सुप्रीम कोर्ट एक झालीं, आणि ॲडव्होकेट, वकील व ॲटर्नी यांस दाखल करून घेण्याचा अधिकार सनदपत्रान्वयें हायकोर्टास मिळाला. तरी भिंत पडली नाहीं : वकिलानें अपिलाच्या बाजूस काम करावें, मूळ दाव्यांच्या बाजूस ॲडव्होकेटनेंच बोलावें. महादेव गोविंद रानडे १८६६ सालींच एल्एल्. बी. झाले होते, तथापि ॲडव्होकेटची परीक्षा त्यांनीं १८७१ सालीं निराळी दिली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग पुढच्याच वर्षीं त्या परीक्षेंत उत्तीर्ण झाले. मुद्राराक्षस संपादन करणारा संस्कृतज्ञ विलायतेस न जातां त्या बाजूस उभा राहिला, हें या नियमांचेंच फळ होय.

स्त्रियांस हें दार आणखी पन्नास वर्षें बंद राहिलें. नाशकास १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ सालीं दिली, तरी सनद नाहीं. १९१६ सालीं कलकत्ता हायकोर्टानें एका पदवीधर स्त्रीचा अर्ज, कायद्यांतील शब्दांनीं पुरुषच अभिप्रेत आहेत, असें म्हणून फेटाळला. 'स्वर्गकाम' या पदांतील पुल्लिंग अविवक्षित असून स्त्रीसहि यज्ञाचा अधिकार आहे, असा निर्णय जैमिनीच्या सहाव्या अध्यायांत केव्हांच झालेला आहे. तो न्यायमूर्तींपुढें कोणी ठेवला असता तर मौज झाली असती. अलाहाबादेच्या हायकोर्टानें १९२१ सालीं सोराबजींस दाखल करून घेतलें, व १९२३ च्या तेविसाव्या आक्टानें केवळ स्त्रीत्व ही अपात्रता राहिली नाहीं.

संग्राहकांस एक विनंती. १८१८ नंतरचे कागद इंग्रजी अमदानीचे म्हणून रुमालांतून वेगळे काढून रद्दींत घालण्याची चाल आहे. त्यांत वकिलाची सनद मिळाल्यास तिच्यावर सही कोणाची, नेमणूक कोणत्या अदालतीपुरती, भाषा कोणती आणि परीक्षेचा उल्लेख आहे कीं नाहीं, एवढें टिपून मग रुमाल बांधावा.