फी माफीचा अर्ज

आपल्या शाळेच्या प्रत्येक तुकडीत अशी काही मुले होती, ज्यांच्या घरातले कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. दहावी-बारावीचा निकाल लागला की घरी आनंद होई आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न उभा राही : फीचे काय? त्या प्रश्नाला आपल्याकडचे नेहमीचे उत्तर होते, ‘ई.बी.सी.चा फॉर्म भर.’ ही तीन अक्षरे इतकी अंगवळणी पडली होती, की ती कधी आली, कोणी आणली आणि त्याआधी गरीब मुले कशी शिकत होती, हे विचारायचे राहूनच गेले. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो इतिहास थोडक्यात मांडावा, असे वाटले. तो मांडताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मदत देणारे बदलत गेले, कागद बदलत गेले. पण गरजू मूल आणि मदत यांच्यामध्ये एक सांगणारा माणूस नेहमी लागला. बहुतेक वेळा तो शिक्षक होता.

एकोणिसाव्या शतकात पुण्यासारख्या गावी शिकायला आलेला गरीब मुलगा माधुकरी मागे, नाहीतर वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. या मदतीला अर्ज नव्हता, दाखला नव्हता. पण तिला जातीची चौकट होती. वार मिळत तो ब्राह्मणाच्या मुलाला. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, अस्पृश्य मानलेल्या घरातल्या मुलाला तो दरवाजा नव्हता. सरकारी शिष्यवृत्त्या होत्या, पण त्या परीक्षेतल्या चढाओढीवर मिळत.

या पद्धतीवर पहिले नेमके बोट ठेवले महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणाची मागणी होती, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचले आहे. त्याच निवेदनात शिष्यवृत्तीबद्दलही एक मुद्दा आहे, तो फारसा सांगितला जात नाही. त्यांचे म्हणणे असे, की चढाओढीने शिष्यवृत्ती देणे वरकरणी न्याय्य दिसते. पण ज्या वर्गांत आधीच विद्येची गोडी लागली आहे त्यांनाच ती मिळते आणि जिथे शिक्षण पोहोचलेले नाही तिथे ते पोहोचत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठीच ठेवाव्यात. गुणवत्ता पाहायची की गरज, हा वाद आजही प्रत्येक शिष्यवृत्ती समितीच्या टेबलावर असतो. तो सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी इतक्या स्पष्टपणे मांडला गेला होता.

गुणवत्तेसाठी दानशूरांचा पैसा होताच. नाना शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या मुलांत मानाची समजली जाई. १९१२ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी ती मिळवली. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी उभारला. त्यातून मिळणारे पैसे कर्जाऊ असत. शिकून कमावते झाल्यावर परत करायचे, म्हणजे ते पुढच्या विद्यार्थ्याला मिळत. दान आणि कर्ज यांच्यामधली ही वाट आपल्याकडे तेव्हापासून आहे.

गरजेकडे पाहून मदत करण्याचे मोठे काम कोल्हापुरात झाले. राजर्षी शाहू महाराजांच्या लक्षात आले, की फी माफ केली तरी खेड्यातला मुलगा शहरात राहणार कुठे आणि जेवणार काय? म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे झाली. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. शिक्षणाचा खर्च म्हणजे फक्त फी नव्हे, हे शाहू महाराजांनी ओळखले होते. आजही पालकांचे गणित बिघडते ते फीपेक्षा खोलीभाड्याने आणि मेसने.

याच काळात मुंबईत एक शिक्षक एका विद्यार्थ्याला घेऊन एका राजाकडे गेले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे ते शिक्षक आणि भीमराव आंबेडकर हा तो विद्यार्थी. भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले तेव्हाच्या सत्कारात केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. पुढे कॉलेजचा खर्च वडिलांना झेपेना, तेव्हा गुरुजींनीच त्यांची गाठ सयाजीराव गायकवाडांशी घालून दिली. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपये सुरू केले. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. ही मदत मोलाची होती. पण ती एका राजाच्या मर्जीवर आणि एका शिक्षकाच्या धडपडीवर उभी होती. असा राजा नसता किंवा असा शिक्षक भेटला नसता, तर?

बाबासाहेबांनी त्याचे उत्तर पुढे स्वतःच शोधले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी लावून धरली. १९४४ पासून केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे ती अनुसूचित जमातींना आणि नंतर इतर मागास वर्गांनाही लागू झाली. आपल्या कॉलेजांच्या काउंटरवर जिला ‘जी.ओ.आय.’ म्हणत, ती हीच भारत सरकार शिष्यवृत्ती. ज्याला एकेकाळी राजाकडे जावे लागले, त्याच्या प्रयत्नांमुळे पुढच्या मुलांना फक्त अर्ज भरावा लागला. अर्ज हा आपल्याला कटकटीचा कागद वाटतो. पण अर्ज करता येतो, याचाच अर्थ ती कोणाची मेहेरबानी नाही.

साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील तिसरी वाट तयार करत होते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. बोर्डिंगमधल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्रही गेले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज झाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना कॉलेजपर्यंत पोहोचली. पुढे विद्यापीठांनीही ती उचलली. बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात तासावर काम करून शिकलेले आपल्यातही आहेत.

आता ई.बी.सी. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९-६० च्या सुमारास आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फी माफीचा निर्णय झाला. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला बाराशे रुपये, म्हणजे महिन्याला शंभर, अशी पुष्कळ काळ लोकांच्या लक्षात राहिली. जात न पाहता केवळ उत्पन्न पाहून एवढ्या मोठ्या प्रमाणावर सवलत मिळू लागली आणि खेड्यापाड्यांतली मुले हायस्कुलात, तिथून कॉलेजात आली. त्याच्या जोडीला शिक्षकांच्या मुलांसाठी पी.टी.सी. आणि एस.टी.सी. सवलती होत्या. १९६३-६४ मध्ये केंद्राची राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती आली. तिच्यात एक सुंदर तरतूद होती : कर्ज घेणारा शिक्षक झाला, तर नोकरीच्या प्रत्येक वर्षाला कर्जाचा दहावा हिस्सा माफ.

या सगळ्याला तडा गेला १९८० नंतर. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, गावाजवळ कॉलेजे आली, पण फीचा आकडा वेगळाच झाला. अनुदानित कॉलेजच्या फीसाठी केलेली सवलत इथे पुरणार नव्हती. १९९३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ हे शब्द घराघरांत गेले. २००२ मधल्या दुसऱ्या निकालाने ती व्यवस्था संपली. त्याच सुमारास बँकांची शैक्षणिक कर्ज योजना आली. २००१ च्या त्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नसे. माफीचा अर्ज करणारे आई-वडील आता कर्जाच्या कागदावर सह्या करू लागले.

२०१६ मध्ये राज्याने ई.बी.सी.ची मर्यादा एक लाखावरून सहा लाखांवर नेली आणि नंतर ती आठ लाख केली. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत व्यावसायिक अभ्यासक्रमांची निम्मी फी मिळते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. म्हणजे कागदावर मदत आज पूर्वीपेक्षा अधिक आहे.

अडचण आहे ती कागदाच्या अलीकडे. अर्ज आता ‘महाडीबीटी’ पोर्टलवर भरायचा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तिथे जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर. शिवाय बँक खाते आधारशी जोडलेले हवे. आधारवर एक नाव आणि मार्कशीटवर दुसरे असले, तर सगळे अडते. यातला प्रत्येक दाखला मिळायला वेळ लागतो आणि बरेच जण निकाल लागल्यावर धावपळ सुरू करतात. त्याहून मोठी चूक प्रवेशाच्या वेळी होते. या सवलती मिळतात त्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशाला. यादीची वाट न पाहता घाबरून व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली, की हक्काची सवलत त्याच दिवशी जाते. हे वेळेवर कोणी सांगितले नाही, एवढ्यावरून एका घराला काही लाखांचा भुर्दंड पडू शकतो.

आपल्या वेळी हे सांगायला वर्गशिक्षक होते, कार्यालयातले कारकून होते. नोटीस बोर्डावरची तारीख ते वर्गात येऊन सांगत, दाखल्यासाठी तलाठ्याकडे जायला सुट्टी देत, फॉर्मवरच्या चुका खोडून नीट करून घेत. या मेळाव्याला आलेल्या गुरुजनांनी अशी किती मुले पुढे पाठवली असतील, याची मोजदाद कुठल्याच दप्तरात नाही. पोर्टल आले आणि हे काम गावातल्या सायबर कॅफेवाल्यावर गेले. तो बिचारा फॉर्म भरून देतो; कोणती योजना तुझ्यासाठी, हे सांगणे त्याचे काम नाही.

मेळाव्यात विद्यार्थी निधीची चर्चा होणार आहे. निधी जरूर उभारावा. टाटांच्या पद्धतीने तो फिरता ठेवता आला, तर तो टिकेलही. पण त्याच्या आधी, एक पैसाही न लागणारे काम करता येईल. आपल्यात बँकेत नोकरी केलेले आहेत, तहसील कचेरीत आयुष्य घालवलेले आहेत, कॉलेजच्या कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत. दहावी आणि बारावीच्या मुलांना जानेवारीतच दाखल्यांची यादी द्यावी. जून-जुलैत दर शनिवारी दोघा-तिघांनी शाळेत बसावे. मूल, त्याची आई किंवा वडील आणि मोबाइल, एवढे समोर असले की पुरे. शाळेने एक खोली आणि एक टेबल द्यायचे कबूल केले, तर येत्या निकालापासूनच सुरुवात करता येईल. ज्यांना शनिवारी येणे जमेल, त्यांनी मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर आपले नाव लिहून जावे.