तुरुंगाचा पहारा : शिबंदीपासून सुधारसेवेपर्यंत

मराठेशाहीत तुरुंगाचे काम बहुतांशी किल्ले करत. तुळाजी आंग्रे, सखारामबापू बोकील यांच्यासारखे मातब्बर कैदीही गडांवरच ठेवले गेले. त्यांच्यावरचा पहारा हे शिबंदीच्या अनेक कामांपैकी एक काम होते. त्यासाठी वेगळा नोकरवर्ग नव्हता.

सुरुवातीला इंग्रजांनीही हीच रीत चालवली. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनानंतर पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना ठाण्याच्या किल्ल्यात कोंडण्यात आले. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी तेथून निसटले. खिडकीखाली घोडा फिरवणाऱ्या मोतद्दाराने मराठी गाण्यातून त्यांना बेत कळवला आणि पहारेकऱ्यांना त्यातले अक्षरही उमगले नाही, अशी हकिगत त्या काळच्या इंग्रज लेखकांनी दिली आहे. पुढे या किल्ल्याचाच तुरुंग झाला. आज तेथे ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे.

मेकॉलेच्या पुढाकाराने १८३६ मध्ये नेमलेल्या तुरुंग शिस्त समितीचा अहवाल १८३८ मध्ये आला. कनिष्ठ नोकरांची लाचखोरी, ढिली शिस्त आणि कैद्यांना रस्त्यांच्या कामावर नेण्याची पद्धत यांवर तिने बोट ठेवले. मोठे मध्यवर्ती तुरुंग बांधावेत आणि प्रत्येक प्रांतात तुरुंगांचा महानिरीक्षक असावा, ही तिची सूचना हळूहळू अमलात आली. येरवड्याचा तुरुंग १८७१ चा.

या नोकरीची चौकट ठरली ती १८९४ च्या तुरुंग अधिनियमाने. वर अधीक्षक, त्याच्या हाताखाली जेलर आणि त्याखाली कनिष्ठ कर्मचारी, अशी उतरंड त्यात आहे. जेलरने तुरुंगातच राहावे आणि परवानगीशिवाय एक रात्रही बाहेर काढू नये, असा नियम होता. कर्मचाऱ्यांना कैद्यांशी खरेदी-विक्री किंवा देण्याघेण्याचा व्यवहार करण्यास मनाई होती. आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची झडती घेण्याचा अधिकार दरवाजावरील पहारेकऱ्याला मिळाला.

मात्र बराकीतला रोजचा पहारा फार मोठ्या प्रमाणात कैद्यांवरच सोपवलेला होता. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्याला आधी रात्रपहारेकरी, मग मुकादम आणि शेवटी वॉर्डर करत. अधिनियमाने अशा कैद्यांना भारतीय दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवकही ठरवले. यामागचे मोठे कारण काटकसर. पगारी शिपाई ठेवण्यापेक्षा थोडी सवलत आणि शिक्षेत माफी देऊन कैद्याकडून पहारा करून घेणे सरकारला परवडत असे. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये ही व्यवस्था टोकाला गेली. डेव्हिड बारी या जेलरच्या हाताखाली वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडल, जमादार ही सारी माणसे मूळची कैदीच. त्यांच्या जुलमाचे वर्णन वि. दा. सावरकरांनी ‘माझी जन्मठेप’मध्ये केले आहे. येरवड्यात १९२२ ते १९२४ या काळात असलेल्या महात्मा गांधींनीही कैदी वॉर्डरांविषयी लिहिले. त्यांत आदन नावाच्या सोमाली कैद्याचे चित्र आपुलकीने रेखाटलेले आहे. म्हणजे कैद्याच्या वाट्याला जुलूम येईल की माणुसकी, हे ज्याच्या हाती अधिकार पडला त्याच्या स्वभावावर अवलंबून होते.

अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने अंदमानलाही भेट दिली. कैद्याला सुधारणे हा तुरुंगाचा हेतू असावा, असे तिने मांडले आणि त्यासाठी प्रशिक्षित, बऱ्या पगाराचे कर्मचारी असावेत असा आग्रह धरला.

महाराष्ट्रात या विचाराचा धाडसी प्रयोग १९३९ मध्ये औंध संस्थानात झाला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंतींविना वसाहत उभारली. तेथे कैदी शेती करत आणि कुटुंबासह राहू शकत. अधिकाऱ्याचे काम राखणीपेक्षा विश्वास टिकवण्याचे झाले. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावर बेतलेला असून त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची आहे.

स्वातंत्र्यानंतर तुरुंग हा विषय राज्यांकडेच राहिला. संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वॉल्टर रेकलेस यांनी १९५१ मध्ये येऊन कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची गरज दाखवून दिली. महाराष्ट्रात हे प्रशिक्षण येरवड्याच्या दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालयात मिळते. दिल्लीच्या तुरुंगात वॉर्डरने एका कैद्याचा छळ केल्याचे दुसऱ्या कैद्याने पत्राने कळवले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले. सुनील बत्रा खटल्याच्या १९७९ च्या या निकालाने पहारेकऱ्याचे वर्तन न्यायालयीन देखरेखीखाली आणले. न्या. मुल्ला समितीने (१९८०-८३) तुरुंगांसाठी अखिल भारतीय सेवा सुचवली. ती अस्तित्वात आली नाही.

आज महाराष्ट्रातील खाते ‘कारागृह व सुधारसेवा’ या नावाने चालते. शिपाई, हवालदार, सुभेदार, तुरुंगाधिकारी आणि अधीक्षक असा पदांचा क्रम आहे. गिनती, झडती, मुलाकत आणि गस्त ही जुनी कामे कायम आहेत. त्यांना न्यायबंद्यांची न्यायालयीन हजेरी, संचित (फर्लो) व अभिवचन (पॅरोल) रजेची प्रकरणे आणि कारखान्यांवरील देखरेख यांची जोड मिळाली आहे. केंद्राने २०२३ मध्ये १८९४ च्या अधिनियमाऐवजी नवा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीनुसार कामवाटप घटनाबाह्य ठरवले. त्यामुळे कैद्यांना कामे वाटून देताना जात पाहण्याची मुभा अधिकाऱ्याला राहिलेली नाही.