पडद्यावरील प्रकाश: खेळ सुधारला काय?



गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या पतपेढीच्या कमिटीपुढे कर्जाचा एक अर्ज आला. अर्जदार आमच्या युनियनचा जुना सभासद, लेथवर काम करणारा, बावीस वर्षांची नोकरी. रक्कम 60,000 रुपये. आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेले, 'मुलाच्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड.' लग्न, आजारपण, घराची गळती, शाळेची फी ही कारणे कमिटीला पाठ आहेत. हे कारण नवे होते. अर्जदाराला विचारले तर तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, मला त्यातलं काय कळतंय? पोरगा म्हणतो, जुन्या कार्डावर नवा खेळ उघडतच नाही."

अर्ज महिनाभर पुढे ढकलला आणि तो महिना आम्ही या विषयाच्या वाचनात घालविला. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयातले आणि लोकांना विचारून मिळविलेले. त्या मुलाशेजारी चार रविवार बसलो, त्याने नवे-जुने खेळ उघडून दाखविले, आणि त्यावरून जे हाती लागले ते आपणापुढे ठेवीत आहो. कारखान्यात नवे मशीन आले की कामगाराने दोन प्रश्न विचारायचे असतात: माल सुधारला काय, आणि वाचलेले श्रम कोणाच्या पदरात पडले? येथेही तेच दोन प्रश्न आम्ही विचारले.

प्रारंभ 1993 सालापासून करू. त्या वर्षी डिसेंबरात अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या छोट्या मंडळीने 'डूम' नावाचा खेळ काढला. त्यात खोल्या, जिने, राक्षस सर्व होते. पण एका खोलीवर दुसरी खोली रचता येत नसे, माडीचे घर त्या गणितात बसतच नसे. जून 1996 मध्ये त्याच मंडळीने 'क्वेक' आणला आणि ही अडचण गेली. वरच्या सज्जावरून शत्रू मारा करू लागला, खेळणाऱ्याला मान वर करावी लागली. ही सुधारणा खरी होय, कारण तिने खेळणाऱ्याचे वागणे बदलले. आणि ध्यानात घ्या, हे सर्व संगणकाच्या साध्या प्रोसेसरवर चालले. खास कार्ड तेव्हा लागत नव्हते.

कार्ड आले ते त्याच वर्षी. थ्रीडीएफएक्स कंपनीचे 'व्हूडू' हे कार्ड फक्त त्रिमिती चित्रे काढी. साध्या चित्रासाठी जुने कार्ड ठेवावेच लागे, आणि दोन्ही कार्डे संगणकाच्या मागे बाहेरून एका केबलने जोडावी लागत. जानेवारी 1997 मध्ये क्वेकची या कार्डांवर चालणारी आवृत्ती निघाली. भिंतीवरचे चौकोनी ठिपके जाऊन सर्व गुळगुळीत झाले, चित्र सुरळीत हलू लागले, लोक दिपून गेले. तथापि मुलाने दोन्ही आवृत्त्या आम्हांस शेजारी शेजारी लावून दाखविल्या तेव्हा निराळेच दिसले. जुन्यात मशालीजवळची भिंत झगझगीत उजळे, नवीत ती निस्तेज. जुन्यात पाण्यात बुडी मारली की सारे दृश्य डुलू लागे, नवीत ते डुलणे गेलेले. म्हणजे नव्या यंत्राने काही दिले तसे काही काढूनही घेतले. नवा माल पाहताना दुसरी बाजू तपासण्याची सवय आम्हांस कारखान्याने लावली, ती येथे उपयोगी पडली.

आता याच काळातील दुसरा खेळ पाहा. 1998 साली लुकिंग ग्लास या अमेरिकन संस्थेने 'थीफ' काढला. दिसायला ओबडधोबड, माणसांचे चेहरे म्हणजे सुताराने तासलेले ठोकळे. पण त्यात तुम्ही चोर आहात, आणि उजेड हा तुमचा शत्रू आहे. पडद्याच्या तळाशी एक रत्न असते. तुम्ही अंधारात असाल तर ते मंद होते, उजेडात आलात की उजळते. पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची आणि त्या अंधारातून पुढे सरकायचे. फरशीवर पाऊल वाजते, गालिच्यावर वाजत नाही. आम्ही पन्नाशी ओलांडलेला माणूस. पण पहारेकरी जवळून गेला तेव्हा आम्ही श्वास रोखून धरला होता, हे कबूल करावयास लाज वाटत नाही. तेथील प्रकाश स्वस्त होता, पण तो खेळाचा नियम होता. ती संस्था 2000 साली बंद पडली.

2004 चा 'डूम 3' याच्या उलट. त्यात दिव्यांच्या सावल्या क्षणाक्षणाला नव्याने मोजल्या जात. त्या काळी ते आश्चर्य होते. पण सावल्या दिसाव्यात म्हणून सारा खेळ काळोखात ठेवला, आणि बंदूक धरली की हातात टॉर्च धरता येईना! खेळणारे चिडले. थोड्याच दिवसांत एका हौशी माणसाने टॉर्च बंदुकीला चिकटविण्याची जोडणी करून ती फुकट वाटली. 2012 च्या आवृत्तीत कंपनीनेच टॉर्च आणि बंदूक एकदम वापरण्याची सोय दिली. तंत्र खेळासाठी नसून खेळ तंत्राच्या प्रदर्शनासाठी मांडला म्हणजे काय होते, त्याचा हा नमुना.

मधली वर्षे आम्ही लवकर ओलांडतो. 2007 चा 'क्रायसिस' तर खेळापेक्षा संगणकाची परीक्षा म्हणूनच अधिक गाजला.

मग ऑगस्ट 2018 उजाडला. जर्मनीतील कोलोन येथे एन्व्हिडिया कंपनीने रे ट्रेसिंगची कार्डे जाहीर केली. कल्पना जुनी आहे. टर्नर व्हिटेड यांचा त्यावरील प्रसिद्ध निबंध 1980 चा. डोळ्यापासून उलट दिशेने किरण सोडावयाचा, तो कशावर आदळतो, तेथून कोठे जातो, कोणत्या दिव्यापर्यंत पोचतो हे मोजीत जायचे. सिनेमातील एका चित्राला यात तास लागले तरी चालते; खेळाला सेकंदास साठ चित्रे लागतात. नोव्हेंबर 2018 मध्ये 'बॅटलफील्ड 5' या खेळात ही सोय प्रथम आली. डबक्यात आग दिसू लागली, मोटारीच्या पत्र्यात मागचा शत्रू दिसू शकू लागला. हा मुद्दा आम्ही नाकारीत नाही, आरशातला शत्रू ही खेळणाऱ्याला मिळालेली खरी माहिती आहे. पण ती मिळविताना चित्रांचा वेग जवळजवळ निम्म्यावर येई. आणि चुरशीने खेळणाऱ्याला वेग आधी लागतो. 1999 च्या 'क्वेक 3' मध्येही अशी मंडळी भिंतींवरची नक्षी मुद्दाम पुसट करून खेळत, कारण त्यामुळे शत्रू उठून दिसे.

जून 2019 मध्ये एन्व्हिडियाने 1997 चा 'क्वेक 2' नव्या प्रकाशात फिरून काढला. या प्रश्नासाठी याहून चांगला प्रयोग सापडणार नाही: खोल्या त्याच, शत्रू तेच, फक्त उजेड नवा. आम्ही दोन्ही पाहिले. नवा सुंदर आहे यात शंका नाही; काचेतून पडणारा प्रकाश पाहून आम्ही क्षणभर थांबलो. पण त्यानंतर जे करायचे ते अक्षरशः जुनेच. आणि दुसरीकडे ठोकळ्याठोकळ्यांचा 'माइनक्राफ्ट'! 2023 पर्यंत त्याच्या 30 कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

मग हे तंत्र कोणाला हवे आहे? येथे आमचा दुसरा प्रश्न येतो. पूर्वी खेळातील उजेड आगाऊ मोजून भिंतींवर चिकटवीत. कारागिराने एक दिवा हलविला की ते मोजमाप पुन्हा करावे लागे, त्यात तास जात. रे ट्रेसिंगमध्ये दिवा हलविला की परिणाम तत्काळ दिसतो. बनविणाऱ्याचा हा फायदा खरा आणि मोठा आहे. पण जो हिशेब पूर्वी वर्कशॉपमध्ये एकदाच होई तो आता प्रत्येक खेळणाऱ्याच्या घरी, त्याने विकत घेतलेल्या कार्डावर, सेकंदागणिक होतो. डिसेंबर 2024 चा इंडियाना जोन्सचा खेळ आणि मे 2025 चा नवा डूम या कार्डांवाचून चालतच नाहीत. मुलगा खोटे बोलत नव्हता.

आणि वाचलेले श्रम? ते कारागिराच्या पदरात पडलेले आम्हांस तरी दिसले नाहीत. 'सायबरपंक 2077' हा या प्रकाशाचा मोठा नमुना म्हणून मिरविला गेला. सक्तीचे जादा काम टाळू असे त्याच्या पोलिश कंपनीने 2019 मध्ये म्हटले होते, आणि सप्टेंबर 2020 मध्ये आठवड्याला सहा दिवस काम लावले. विस्कॉन्सिनमधील रेव्हन सॉफ्टवेअरच्या चाचणी-कामगारांनी डिसेंबर 2021 मध्ये सहकाऱ्यांच्या कपातीविरुद्ध संप केला, आणि मे 2022 मध्ये 19 विरुद्ध 3 मतांनी युनियन स्थापन केली. आकडा लहान आहे. पण पहिल्या सभेला किती माणसे येतात ते आम्ही जाणतो.

हे सारे दूरदेशीचे असे कोणी म्हणू नये. 2003 च्या एका प्रसिद्ध 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळाची नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील शाखांत तयार होत होती. सप्टेंबर 2020 मध्ये तिची झलक दाखविली आणि जगभर एकच ओरड झाली, चेहरे जुनाट दिसतात! मे 2022 मध्ये ते काम मॉन्ट्रियलला गेले. खेळ कसा खेळला जातो हे कोणी हातात घेऊन पाहण्यापूर्वीच आपल्या पोरांच्या कामाचा निकाल लागला होता. त्या मुलांपैकी कोणाला आम्ही ओळखत नाही. पण लकाकी कमी म्हणून माल परत आलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे, आणि त्यात बसणारा माप पुरेपूर असे.

महिन्यानंतर कमिटी बसली. आम्ही हे सर्व सांगितले. खजिनदार म्हणाले, "म्हणजे खेळ काही सुधारलेला नाही, मग कर्ज कशाला?" आम्ही म्हटले, मुलाने सुधारणा मागितलेली नाही, त्याच्या तोंडावर दार लागले आहे, ते उघडावे एवढेच त्याचे म्हणणे आहे. मुलाला बोलावून हिशेब केला तेव्हा त्याच जातीचे हलके कार्ड 30,000 च्या आत बसते असे त्यानेच दाखविले. चार विरुद्ध तीन मतांनी तेवढे कर्ज मंजूर झाले, चोवीस हप्त्यांनी. बापाने सही करताना विचारले, हप्ते फिटेपर्यंत हे कार्ड तरी चालेल ना? मुलगा काही बोलला नाही. पुढल्या महिन्याच्या सभेसाठी याच कारणाचे आणखी दोन अर्ज येऊन पडले आहेत.