विंचूदंशावरील वाहिनीविस्फारक चिकित्सा

विंचूदंशावरील वाहिनीविस्फारक चिकित्सा : लाल विंचवाच्या विषामुळे आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या रुंदावून हृदयावरील ताण कमी करणारी उपचारपद्धती. तिचा विकास मुख्यत्वे रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात झाला. पेण, रोहा, महाड, पोलादपूर इ. तालुक्यांच्या या जिल्ह्यात विंचूदंश हे ग्रामीण जीवनातील जुने संकट असून त्याला शेतकरी, मजूर व लहान मुले विशेषत्वाने बळी पडत.

या विषामुळे अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होऊन ॲड्रेनॅलिनासारखी द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणात मिसळतात. ओकाऱ्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात व रक्तदाब वाढतो. पुढे हृदय दुर्बल होऊन फुप्फुसांत द्रव साचतो. या फुप्फुसशोफाची नोंद मुंडले यांनी १९६१ मध्ये केली होती. तथापि प्रचलित औषधांनी अशा रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत.

हिंमतराव बावसकर हे १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णांच्या बारकाईने केलेल्या निरीक्षणांवर आधारित त्यांचा लेख १९८२ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मूळ विकृती वाहिन्यांच्या आकुंचनात असल्याने रोहिणी व नीला या दोन्हींना विस्फारित करणारे प्राझोसीन हे रक्तदाबावरील औषध त्यांनी योजिले. त्यांचे व प्रमोदिनी बावसकर यांचे त्यासंबंधीचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यूचे प्रमाण कालांतराने सुमारे १ टक्क्यावर आले.

ही तुलना पूर्वीच्या रुग्णांशी होती. जीवरक्षक ठरलेले औषध काहींना नाकारून चाचणी घेणे नीतीला धरून झाले नसते. म्हणून महाड येथील यादृच्छिक चाचणीत (प्रसिद्धी २०११) सर्व ७० रुग्णांना प्राझोसीन देऊन त्यांपैकी ३५ जणांना जोडीला प्रतिविष देण्यात आले. दहा तासांत पूर्ण बरे झालेल्यांची संख्या प्रतिविषाच्या गटात ३२, तर केवळ प्राझोसीनच्या गटात ८ होती. यावरून विस्फारक औषध विषाचे परिणाम रोखते, तर प्रतिविष विषाचाच निरास करते, असा दोहोंचा परस्परपूरक संबंध स्पष्ट झाला.

प्राझोसीन गोळीच्या रूपात मिळत असल्याने ते खेड्यातील आरोग्य केंद्रातही तत्काळ देता येते. मात्र पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरू शकत असल्याने रुग्णास निजवून ठेवावे लागते.